मार्च महिन्यातली बाई

डाव्या गालात बधिरतेचं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी गौतमी तायडेला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. जयपुरच्या सोडाला भागातल्या त्या दाताच्या दवाखान्याच्या बाकावर बसून, आपलाच गाल आपला राहिलेला नाही ही चमत्कारिक जाणीव ती बोटाने चाचपत होती, आणि तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिला ती स्वतः दिसली. मार्च महिना. वर पानभर फोटो, खाली तारखा. फोटोत आकाशापर्यंत पसरलेलं पांढरंफटक मीठ आणि मधोमध एक बाई, पाठमोरी, गुडघ्यांवर बसून पुढे वाकलेली. डोक्यावर हिरवी ओढणी, अनवाणी टाचा पाहणाऱ्याकडे वळलेल्या, टाचांच्या भेगांत मिठाचे कण. खाली हिंदीत लिहिलं होतं: 'धरती की बेटी. सांभर की एक नमक-मज़दूरिन. छायाकार: सदाशिव खांबेटे, जयपुर. प्रथम पुरस्कार.' माणूस स्वतःची पाठ कधी पाहत नाही. तरी तिने ती ओळखली, आणि ओळखल्यावर खात्री करण्यासाठी उठून जवळ गेली. डाव्या टाचेवर चंद्रकोरीसारखा व्रण होता. सहा वर्षांची असताना मुर्तिजापूरला रुळांमधल्या खडीने टाच फाटली होती, तो व्रण. तिला काहीतरी म्हणायचं होतं, कुणाला ते माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलं तर शब्दाऐवजी ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. काउंटरमागची मुलगी म्हणाली, "मैडम, अभी बोलिए मत, गाल कट जाएगा."

ती पुन्हा बाकावर बसली. गेल्या वर्षीच्या जानेवारीतली ती सकाळ तिला लख्ख आठवत होती. रविवारच्या मंडळींबरोबर ती सांभरच्या खाऱ्या सरोवरावर गेली होती. जयपुरात राहणारी मराठी माणसं, कुणी बँकेतली, कुणी विम्यातली, एकदोन रेल्वेतली, आठदहा जण दर रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन निघत. कधी तळ्यावर, कधी डोंगरात. त्यांचे म्होरके खांबेटेसर. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, जवाहर नगरात घर, घरात कॅमेऱ्यांचं काचेचं कपाट. पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, "तायडे म्हणजे कुठल्या?" ती म्हणाली, "मुर्तिजापूर. वडील रेल्वेत होते. मीपण रेल्वेतच, सिग्नल विभागात इंजिनिअर." त्यावर ते "अच्छा" म्हणाले होते. त्या 'अच्छा'नंतर त्यांनी पुढे काही विचारलं नव्हतं. बाकीच्यांना ते काय काय विचारत, हे तिने नंतर वर्षभर ऐकलं. सांभरला त्या दिवशी तिचे बूट मिठाच्या पापुद्र्याखालच्या काळ्या चिखलात रुतायला लागले म्हणून तिने ते काढून बाजूला ठेवले होते. ऊन डोळ्यांत घुसत होतं म्हणून ओढणी डोक्यावर घेतली होती. आणि ती गुडघ्यांवर बसली होती ती एक मेलेला चतुर पाहून. मीठ चढून त्याचे पंख काचेचे झाले होते. कोपर जमिनीला टेकवून, श्वास धरून, ती त्याचा फोटो काढत होती. कॅमेरा तिच्या छातीशी होता. पाठीमागून तो दिसणं शक्य नव्हतं. पण तिची काळी बॅग डावीकडे दोन हातांवर होती, आणि बूटही. कॅलेंडरात त्या जागी मीठ होतं. कुणीतरी संगणकासमोर बसून, सवडीने, कणाकणाने, तिच्या बॅगेवर आणि बुटांवर मीठ भरलं होतं.

दात काढून झाला. कापसाचा बोळा दाबून ती घरी आली. गाल हळूहळू जागा होत गेला आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी.

पुढच्या रविवारी मंडळी चांदलाईच्या तळ्यावर गेली, तेव्हा तिने खांबेट्यांना एकटं गाठलं. बांधावर ते ट्रायपॉडचे पाय सरळ करत होते.

"सर, तो कॅलेंडरमधला मार्चचा फोटो."

"पाहिलात? राज्यभरातून अकराशे फोटो आले होते."

"ती मी आहे."

त्यांनी मान वर केली. तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला, कारण त्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं का हे तिला पाहायचं होतं. ते उमटलं नाही.

"चेहरा कुठे दिसतोय त्यात?" ते म्हणाले.

"माझी बॅग होती तिथे. ती तुम्ही पुसलीत."

"फ्रेम स्वच्छ करावी लागते हो." मग जरा थांबून, आवाज मऊ करून, एखाद्या नवशिक्याला समजवावं तसे म्हणाले, "राग मानू नका, तायडे. कौतुकच आहे हे. त्या दिवशी आम्ही सगळे तिथे पाहुण्यासारखे दिसत होतो. तुम्ही कशा सहज मिसळून गेलात त्यात."

तळ्यावर रोहित पक्षी होते, शंभरभर तरी. सगळ्यांचे कॅमेरे किटकिटत होते. तिने त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. सहज मिसळून गेलात. परतताना गाडीत, सोमवारी कचेरीत सिग्नलच्या नकाशावर बोट फिरवताना, भाजी निवडताना, ते तीन शब्द दातात अडकलेल्या धाग्यासारखे जिभेला लागत राहिले. आणि त्या शब्दांपेक्षा तिला स्वतःचा राग जास्त सोलत होता, कारण तो नक्की कशाचा आहे हे तिला धड सांगता येत नव्हतं. मजूर म्हटलं म्हणून? तिची आई, भीमाबाई, अठरा वर्षं रुळांवर खडी टाकत होती. टोपली डोक्यावर, दोन्ही बाजूंना दोन गँगमन, उन्हात तापलेले रूळ. बाप सुखदेव त्याच गँगमध्ये. त्याची नोकरी पक्की झाली, तिची कधीच झाली नाही. त्याच खडीवर रांगत गौतमी मोठी झाली. त्यात लाज वाटावी असं काय होतं? काही नव्हतं. मग कॅलेंडरवाल्यांना फोन करून 'ती मजूर नाही, मी इंजिनिअर आहे' असं सांगायला तिची जीभ का वळत नव्हती? असं म्हटलं की आईकडे पाठ फिरवल्यासारखं होत होतं, आणि गप्प बसलं की खांबेट्याचं खरं होत होतं. त्या माणसाने तिला अशा जागी आणून उभं केलं होतं की कुठल्याही बाजूने पाऊल टाकलं तरी ते कुणावर तरी पडावं. आणि हे सगळं त्याने काही मनात न आणता केलं होतं, फ्रेम स्वच्छ करता करता.

एका दुपारी तिने मोबाइलवर तो फोटो आईला दाखवला. भीमाबाई त्यांच्या जयपुरच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर वाळवण राखत बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने चष्मा पुसून मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला.

"हा त माहा फोटू हाय ना वं," ती म्हणाली. "कव्हा काढला? कोनं?"

गौतमीने दोन बोटांनी फोटो मोठा करून दिला.

"टाचा पाह्य कशा बरोबर आल्या. पन खडी पांढरी कायले करून टाकली?"

"ते मीठ आहे, माय."

"हो का," भीमाबाई म्हणाली, आणि बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते समाधान होतं हे गौतमीला कळलं, आणि ते कळताच खांबेट्याविषयीचा तिचा राग पक्का झाला. तोपर्यंत तो नुसता जळत होता. आता त्याला आकार आला. ज्या बाईचा उभ्या जन्मात कुणी एक फोटो काढला नाही, तिला आपला म्हणून मिळालेला हा पहिला फोटो खोटा होता, आणि तो खोटा आहे हे तिला सांगायचं धाडस मुलीत नव्हतं.

सिग्नलचा बिघाड शोधताना घाई करून चालत नाही, हे गौतमीला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. एकेक तार, एकेक रिले, सगळं ठीक आहे असं धरून चालायचं आणि लक्ष ठेवायचं. केव्हातरी ती जागा आपणहून उघडी पडते. तिने रविवार चुकवला नाही. खांबेट्यांना 'सर' म्हणणं सोडलं नाही. तेही विसरले, किंवा विसरायला त्यांना काही लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. तिने कर्ज काढून लांब पल्ल्याची लेन्स घेतली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, पक्षी का? ती हो म्हणाली. एप्रिलभर आणि मेभर ती लेन्स पक्ष्यांच्या आसपास फिरवत ती खांबेट्यांना टिपत राहिली. खांबेटे झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपलेले. खांबेटे बाभळीआड लघवीला उभे राहिलेले. खांबेटे एका म्हाताऱ्या धनगराच्या पागोट्याला हात घालून ते त्याच्या डोक्यावर तिरकं करताना, फोटोत बरं दिसावं म्हणून. घरी येऊन ती हे फोटो पाही आणि पुसून टाकी. त्याचं हसं तिला नको होतं. हसं झालेला माणूस चार दिवसांत पुन्हा सर होतो. तिला असा एक फोटो हवा होता की ज्यानंतर त्याला कुणी सर म्हणताना अडखळेल. कसला, ते तिला माहीत नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो फोटो काढल्यानंतरची शांतता मात्र तिला स्पष्ट जाणवे, तहानेल्याला माठाचा गारवा नुसता आठवून जाणवावा तशी. तिची झोप सुधारली. कचेरीत तिचं काम उलट जास्त नेटकं होऊ लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला रविवारची इतकी ओढ लागली होती, आणि याची तिला गंमतही वाटे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खांबेट्यांचा फोन आला. "तायडे, एक गुपित आहे. स्वर्गीय नर्तकाचं घरटं सापडलंय. तीन पिल्लं. नर पांढरा आहे, शेपूट एवढी लांब. मंडळींना सांगितलं तर जत्रा भरेल. तुम्ही बोलत नाही कुणाशी, म्हणून तुम्हाला सांगतो. आणि मला हल्ली अंधारात गाडी चालवायला दिसत नाही." ती म्हणाली, "येते, सर." फोन ठेवल्यावर तिने लगेच लेन्स काढून पुसायला घेतली, आणि तिला वाटलं, हा आनंद आहे.

आमेरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक जुनं कुंड आहे. त्याच्यामागच्या घळीत करंजाची झाडं आहेत. उजाडायला ते पोचले. घळीत अजून थोडा गारवा होता. घरटं वाटीएवढं, फांदीच्या टोकाला, माणसाच्या डोक्यापेक्षा जरा उंच. वर, बाजूला, सगळीकडे दाट पानं. त्या पानांतून तांबूस मादी आत गेली आणि बाहेर आली. मग नर आला. पांढराशुभ्र, डोकं काळं, मागे दोन लांब फिती हवेत लहरत. गौतमीने डोळ्यांनी पाहिला, कॅमेऱ्यातून नाही. क्षणभर ती कशासाठी आली आहे हेच विसरली. तो पानांत शिरला आणि फक्त फितींची टोकं दिसत राहिली. खांबेटे चुकचुकले. "पानं फार आहेत," ते म्हणाले. "पिल्लांच्या चोचीत चोच घालताना मिळायला पाहिजे." ती समोरच्या उतारावर एका दगडाआड जाऊन बसली, वीसपंचवीस पावलांवर. तिने लेन्स लावली. कुठे बसलात असं त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी बॅगेतून बागेतली कात्री काढली.

सात वाजून बेचाळीस मिनिटांनी तिने पहिला फोटो काढला. ही वेळ फोटोबरोबर नोंदलेली आहे. खांबेटे टाचा उंचावून उभे, डाव्या हाताने फांदी खाली ओढलेली, उजव्या हातात कात्री. एक डहाळी पडली. दुसरी पडली. त्यांचे हात कसलेले होते, हलके होते, न्हाव्यासारखे. प्रत्येक डहाळीनंतर दोन पावलं मागे जाऊन ते पाहत आणि पुन्हा पुढे येत. तिचं बोट बटणावर होतं आणि छातीत काहीतरी मोठं, गोड, गरम भरून येत होतं. हाच तो. कात्री, हात, घरटं, घरट्यातून वर आलेल्या तीन चोची, सगळं एका चौकटीत. इतक्या महिन्यांनी ती जागा आपणहून उघडी पडली होती. एक शब्द उच्चारला असता तर ते थांबले असते. हे तिला तेव्हाच माहीत होतं, नंतर सुचलेलं नाही. 'सर' एवढा एक शब्द पुरला असता. तो तिच्या घशात होता, रोज उच्चारून गुळगुळीत झालेला. पण एक डहाळी म्हणजे नुसता उत्साह. चार डहाळ्या म्हणजे गुन्हा. ती चौथीची वाट पाहत राहिली, आणि चौथी पडल्यावर पाचवीची.

ऊन डोंगरावरून खाली उतरलं आणि घरट्यावर आलं. आता तिथे सावली द्यायला काही उरलं नव्हतं. पिल्लांनी माना टाकल्या. नर आणि मादी वरच्या फांदीवर येऊन ओरडत होते, जवळ येत नव्हते. खांबेटे आपल्या ट्रायपॉडशी जाऊन लेन्स बदलायला वाकले, त्यांची पाठ घरट्याकडे झाली. तेव्हाच दोन टकाचोर आले, घरटी लुटणारे पक्षी. तांबडे, धीट, लांब शेपटीचे. आधी पलीकडच्या झाडावर बसले, मग अलीकडच्या. गौतमीने त्यांना येताना पाहिलं. तिने टाळी वाजवली नाही. पहिला घरट्याच्या काठावर उतरला, आणि मादीच्या किंकाळीने खांबेट्यांनी वळून पाहिलं. मग तो म्हातारा माणूस धावला. दोन्ही हात वर करून, "हट्! हट्!" असं ओरडत, डोक्यावरची टोपी काढून फेकत, दगडावर अडखळत, गुडघ्यावर पडून पुन्हा उठत. तिने बटण दाबून धरलं. कॅमेरा सलग किटकिटत राहिला. ते फांदीखाली पोचेपर्यंत एक टकाचोर गेला होता, दुसरा येऊन गेला होता. पहिला पुन्हा आला, त्यांच्या हाताच्या वरून. मग काही नव्हतं. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

खांबेटे बराच वेळ दगडावर बसून होते. ती उतरून त्यांच्याजवळ गेली. त्यांचा गुडघा फुटला होता, पँटवर रक्त आलं होतं. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी तिला दिला. देताना अर्धा सांडला.

"एवढी पानं कापायला नको होती," ते म्हणाले.

ती चहा प्यायली.

"तायडे, कुणाला सांगू नका हं."

गाडीत परत येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. जवाहर नगरात उतरताना त्यांनी तिचे आभार मानले. तिला त्यांची कीव यायला हवी होती. आली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं, असं तिला वाटून गेलं. तिने आत चाचपून पाहिलं. दवाखान्यातल्या त्या दुपारी गालाला बोट लावलं होतं तसंच लागलं. तिथे काहीच नव्हतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी मंडळींचं वार्षिक प्रदर्शन होतं. जयपुरातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. पडद्यावर प्रत्येकाने वर्षभरातले पाच फोटो दाखवायचे, शेवटी खांबेटेसर दोन शब्द बोलणार. हॉलचे पडदे जुने होते, फटींतून ऊन येत होतं आणि प्रोजेक्टरचे रंग फिके दिसत होते. तीसेक माणसं होती. बँकेतल्या अभिजितने संगणक सांभाळला होता. तिची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "गौतमीताईंचे फोटो. विषय, घरटं." लोक सावरून बसले, घरटी सगळ्यांना आवडतात. पहिला फोटो आला. हात, कात्री, डहाळी. कुणाला काही कळलं नाही, कुणीतरी कौतुकाने हुं केलं. दुसऱ्यात खांबेट्यांचा चेहरा स्पष्ट होता. हॉल गप्प झाला. तिसऱ्यात उघडं घरटं आणि खाली पडलेल्या डहाळ्यांचा ढीग. चौथ्यात टकाचोर घरट्याच्या काठावर, चोचीत पिल्लू, आणि मागे खांबेटे, दोन्ही हात वर. पाचव्यात रिकामं घरटं. पंख्याचा आवाज येत होता. तिने या शांततेची इतके महिने वाट पाहिली होती, आणि ती आली तेव्हा अगदी तशीच होती, कुठे कमी नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या खांबेट्यांचं टक्कल तिला मागून दिसत होतं. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी आपली खुर्ची अगदी थोडी, आवाज न करता, सरकवली. तिला सुख झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही. डोक्यापासून पायापर्यंत तिला सुख झालं.

मग मागून सलोनीचा आवाज आला. सलोनी जयपुरातच वाढलेली, पंचविशीची, मराठी बोलताना हिंदीवर टेकत टेकत बोलणारी.

"ताई, एक विचारू? तुम्ही... मतलब, तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"समोर."

"पूर्ण वेळ?"

"हो."

"मग तुम्ही ओरडला का नाही?"

गौतमीने याचं उत्तर तयार केलेलं नव्हतं. बाकी सगळं केलं होतं. ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

"फोटो हलला असता."

सलोनीने तोंडावर हात नेला. अभिजितने पडदा कोरा करायला बटण दाबलं, पण चुकीचं दाबलं गेलं आणि चौथा फोटो परत आला. खांबेटे उठले. आता ते काहीतरी सफाई देणार, किंवा तिच्यावर उलटणार, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं, आणि त्यासाठी तिच्याकडे शब्द होते. सांभर, बॅग, मीठ, सगळं ओळीने. ते पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून पाहत राहिले, आणि वळून, सगळ्या हॉलमधून फक्त तिच्याशी बोलले.

"फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवलात. मी असतो तर धावणाऱ्या माणसावर ठेवला असता. फसलो असतो." त्यांचा आवाज ओला होता, पण साफ होता. "अशी फ्रेम मला चाळीस वर्षांत मिळाली नाही."

"थँक यू, सर," गौतमी म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. आणि त्यापाठोपाठ कानांच्या पाळ्यांपर्यंत पसरलेली ऊब जाणवली. शाळेत गुरुजींनी पाटी वर धरून वर्गाला दाखवली की यायची तशी. खांबेटे आपली पिशवी उचलून हॉलबाहेर गेले, लंगडत. त्यांच्यामागे कुणी गेलं नाही. चहाच्या वेळी तिच्याजवळही कुणी आलं नाही. सलोनीने कप घेतला आणि दुसऱ्या दाराने अंगणात निघून गेली. अभिजितने तिचा पेनड्राइव्ह टेबलाच्या कडेवर ठेवला, हातात दिला नाही.

ती घरी आली तेव्हा दीड वाजला होता. आई झोपली होती. जेवण झाकून ठेवलेलं होतं. कूलर लावून ती पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली. खांबेट्यांचं एक वाक्य तिला टोचत होतं. फोकस पक्ष्यावर? तिने फोकस त्याच्यावर ठेवला होता. तीन महिने ती त्याच्यावरच रोखून होती, त्या सकाळीही तोच तिला हवा होता, धावणारा, पडणारा, हात वर केलेला. पंधरा दिवस तिने हा फोटो रोज उघडला होता आणि दर वेळी त्यालाच पाहिलं होतं. तिने चौथा फोटो मोठा केला. खांबेटे धूसर होते. उघडं तोंड, दोन हात, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. तो कोण आहे हे माहीत होतं म्हणूनच तो ओळखू येत होता. तिने चित्र पुढे सरकवलं. टकाचोराचा डोळा टोकदार होता, त्यात घळ दिसत होती, आकाशाचा एक तुकडा दिसत होता. चोचीतल्या पिल्लाची मान लोंबत होती. पिसांचा एकेक तंतू सुटा होता. कारागिरी म्हणून पाहिलं तर खांबेटे म्हणाले होते ते बरोबर होतं, आणि ती थोडा वेळ तसंच पाहत राहिली, कडा तपासत, उजेड तपासत. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात घरट्याचा काठ होता, तिथे तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिने तो भागही मोठा केला. घरट्यात उरलेलं एक पिल्लू होतं. डोळे पुरते न उघडलेलं, अंगावर जेमतेम लव. काठावर वजन पडलं, फांदी हलली, एवढंच त्याला कळलं असणार. त्याने मान ताणून टकाचोराकडे वर केली होती आणि चोच होती तेवढी उघडली होती, भरवायला कुणीतरी आलंय असं समजून.